ठेवणीतला दगड

वैशाख लागला की आमच्या घरातली भांडी वाजायला लागतात. दुपारी एक-दीडच्या सुमाराला बोडकीकडे खाणीत सुरुंगाचे बार उडतात. आधी पायाखालची जमीन जराशी सरकल्यासारखी वाटते, मग मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात, आणि आवाज त्याच्या मागून येतो. बायको म्हणते, "उडवला मेल्यांनी," आणि भाजीवर ताट झाकते. ओसरीवर तात्या बसलेले असतात. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांना आता फारच कमी ऐकू येतं, पण बार त्यांना पायातून कळतो. ते मान वर करतात, बोडकीकडे बघतात, आणि परत खाली बघत बसतात. बोडकीकडे म्हणजे, जिथे बोडकी नावाची टेकडी होती तिकडे. आता तिथे खड्डा आहे, पण गावाच्या तोंडातलं नाव काही जात नाही.

बार ऐकला की मला तो एक उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणणंसुद्धा खोटंच, तो कधी गेलेलाच नाही. मोठा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं, त्याला खडी हवी होती, आणि बोडकी जवळ होती. एवढीच त्या उन्हाळ्याची गोष्ट. आमच्या जुन्नर-आंबेगावात अशा किती टेकड्या गेल्या असतील, कुणी त्यांच्या नावाने लिहीत बसलेलं नाही. पण त्या उन्हाळ्यात मी तात्यांच्या शेजारी उभा होतो. पुढे काय होणार ते मला माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. तेवढं एक मला त्यांना सांगायचं होतं. दर वैशाखात ठरवायचो, या वर्षी सांगून टाकू. मग पाऊस यायचा, खाणीत पाणी भरायचं, बार बंद व्हायचे, आणि माझंही राहून जायचं.

आमचं घर मूळचं मेंढरांचं. पिंपरी पेंढारच्या शिवारात पणजोबांचा कळप असायचा. मेंढरं बोडकीवर चरायला सोडायची आणि बसल्या बसल्या दगडाला दगड मारून बघायचा, हा त्यांचा उद्योग होता असं तात्या सांगतात. त्यातून छिन्नी हातात कधी आली ते कुणालाच ठाऊक नाही. आजोबांच्या काळात मेंढरं संपली होती आणि घरात सुतकी, घण, पहारी, लोखंडी पाचरी असं सगळं कोपऱ्यात उभं होतं. शेत होतं थोडंसं, ते पावसाळ्यापुरतं. होळी पेटली की शेताला रामराम आणि बोडकीवर हजर. थंडीत दगड आखडून बसतो, उन्हाळ्यात मोकळा होतो, म्हणून दगडाचा हंगाम उन्हाळ्यातच, असं तात्यांचं म्हणणं. मी ओतूरला शाळेत भूगोल शिकवायचो. उष्णतेने खडक प्रसरण पावतात हे वाक्य मी किती पोरांना फळ्यावर लिहून दिलं असेल. घरात बाप तेच बोलतोय हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही. शिकलेल्या माणसाचं असं होतं.

त्या हंगामाचा वास अजून नाकात आहे. दगडावर घाव बसला की ठिणगी उडते आणि जळक्या केसांसारखा एक वास येतो. त्यात बराखीत भरलेल्या कांद्याचा उग्र दर्प मिसळायचा, आणि वाऱ्याबरोबर कुठल्यातरी लग्नाचा बँड. आई फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून वर जायची. तात्यांचे हात कोपरापर्यंत राखाडी झालेले असायचे, भुवयांवर दगडाची कच, पापण्यांवर कच. ते हात न धुताच जेवायला बसायचे आणि आई ओरडायची. पाटे, वरवंटे, उखळं, जाती, जनावरांना पाणी पाजायच्या डोणी असं काय काय तिथे आकाराला यायचं. बेल्ह्याच्या बाजाराला टेम्पोत घालून न्यायचं. बैल घ्यायला आलेला माणूस जाता जाता डोणीला एक टिचकी मारून बघायचा आणि तात्या मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग मिक्सर आला, गिरणी तर आधीच आली होती, डोणी सिमेंटच्या झाल्या. हे काही एका दिवसात झालं नाही. एका वर्षी चार पाटे उरले, दुसऱ्या वर्षी दहा. शेवटी शेवटी फक्त हळदीला लागणारी छोटी जाती खपायची, खेळण्यातल्यासारखी. त्यावर नवरीच्या घरची बायामाणसं चिमूटभर हळद दळतात, फोटो काढतात आणि जातं माळ्यावर टाकतात. तात्यांनी तीही केली. मन लावून केली. ती करताना त्यांच्याकडे बघवत नसे.

दगड फोडायच्या आधी तात्या तो वाजवायचे. सुतकीने, म्हणजे हातातल्या छोट्या हातोड्याने, हलकंसं ठोकायचं, कान जवळ न्यायचा, दोन पावलं सरकायचं, परत ठोकायचं. खणखणीत वाजला तर आतून एकसंध. भद्द वाजला तर आत शीर आहे समजायचं, म्हणजे केसाएवढी भेग, छिन्नी घातली की तिथून दगा देणार. टेकडीच्या वरच्या अंगाला मांजऱ्या खडक लागायचा. त्यात पांढऱ्या गारा, म्हणजे गारगोटीचे खडे, भरलेले. दिसायला देखणा, पण त्याचं उखळ केलं तर चटणीत गारा यायच्या. खालचा काळा पाषाण तो खरा. तात्या त्यावर गेरूची एक रेघ ओढायचे, रेघेवर पाचरी ठोकायचे, आणि दगड त्या रेघेवरच उकलायचा. आई म्हणायची, "माजं बोलनं ह्यांच्या कानात शिरत न्हाई, दगडाचं बरं शिरतं!"

आणि एक दगड तात्यांनी कधी फोडलाच नाही. बोडकीच्या उगवतीच्या अंगाला तो जमिनीतून वर आलेला होता. दोन बैलगाड्या शेजारी उभ्या कराव्यात एवढा रुंद, काळाभोर. खाली किती गेला होता ते दिसत नव्हतं. त्याला आमच्या घरात ठेवणीतला म्हणायचे, ठेवणीतलं लुगडं म्हणावं तसं. घरातली रीतच होती. खाणीतला सगळ्यात चांगला दगड सापडेल तो आपण फोडायचा नाही, मुलाच्या हवाली करायचा. मुलानेही दुसरं काही मिळतंय तोवर त्याला हात लावायचा नाही, आपल्या मुलाच्या हवाली करायचा. पणजोबांनी आजोबांना दिला, आजोबांनी तात्यांना. कशासाठी राखून ठेवायचा, याला धड उत्तर नव्हतं. "सगळंच काय खाऊन जायचं व्हय? चांगलं काय तरी मागं ठिवावं मानसानं," एवढंच तात्या म्हणायचे. मला ते पटायचं. पटायचं म्हणजे काय, माझं त्यावाचून काही अडत नव्हतं.

आज संध्याकाळी त्या बाजूने चक्कर मारून आलो. उगवतीच्या अंगाला आता हिरवट पाण्याचं डबकं आहे, कडेने तारेचं कुंपण, तेही अर्धं पडलेलं. खालच्या डाळिंबाच्या बागेत पानांवर कच एवढी बसलीय की बोटाने नाव लिहावं. डंपर जातात, बागवाला शिव्या देतो, डंपरवाला हात करतो, दोघं एकमेकांना ओळखतात. मी शिव्या देत नाही. मीही त्याच रुंद रस्त्याने पंधरा मिनिटांत ओतूरला जातो, दवाखान्याचं काम करून जेवायला घरी येतो. तेव्हा फार तोंड वर करून बोलायचा मला अधिकार नाही. पण वाईट वाटायला अधिकार लागत नाही. वाईट लई वाटतं.

त्या उन्हाळ्यात, चैत्र संपता संपता, एक पांढरी गाडी दाराशी आली. बोडकीचा ठेका क्रशरवाल्यांना मिळाल्याचं गावात कळलेलंच होतं. जमीन सरकारी, कागद त्यांच्या हातात, आमचा त्यात काही संबंध नव्हता. गाडीतून एक मॅडम उतरल्या. तिशीच्या असतील, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात छोटी हातोडी. खडीला कुठला खडक चालेल ते तपासून लिहून द्यायचं हे त्यांचं काम. गावात कुणीतरी तात्यांचं नाव सांगितलं असणार. बोलायला मोठ्या गोड. पाणी प्यायल्या, ओसरीवर तात्यांच्या पुढ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, या टेकडीतला सगळ्यात चांगला दगड कुठला?"

तात्यांनी चिमटीतली तंबाखू परत पुडीत टाकली. "तुमाला बगायचाय?"

"दाखवाल का?"

त्या दिवसांत तात्यांची कंबर गेलेली होती. परसात जायलाही त्यांना काठी लागायची. त्या दिवशी काठी ओसरीवरच राहिली. मी आपला मागून टॉवेल डोक्यावर घेऊन चाललो होतो, "तात्या, हळू, तात्या, हळू" करत. वर गेल्यावर त्यांनी मॅडमच्या हातातली हातोडी मागून घेतली आणि बोडकी वाजवत निघाले. "ह्यो मांजऱ्या, ह्यो सोडा. हितं बगा, वरनं गुळगुळीत हाय पर आत शीर हाय. आईका." आणि त्या मॅडम खरंच खाली बसल्या, हेल्मेट काढलं आणि दगडाला कान लावला. "हो बाबा, वेगळं वाजतंय," म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता.

शेवटी ते उगवतीकडे वळले. त्या दगडाजवळ जाऊन थांबले, खांद्यावरच्या टॉवेलने त्यावरची धूळ झटकली.

"आनि ह्यो. ह्यो माज्या आज्याच्या वक्तापासनं हितं हाय. ह्याला कुनी हात लावल्याला न्हाई."

"खाली किती असेल?"

"वाजतो त्यावरनं म्हनाल, तर दोन पुरुस." म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा खोल. मॅडमनी तेही लिहिलं, आणि मग पिशवीतून रंगाचा डबा काढून दगडावर लाल फुली मारली.

ती फुली कशाची ते मला कळत होतं. क्रशरच्या जबड्यात चांगला दगड घातला काय आणि वाईट घातला काय, पलीकडून सारखीच खडी पडते. एक वाक्य पुरलं असतं. तात्या, हे लोक याची खडी करणार आहेत, दुसरा कुठलाही दाखवा, घरी चला. मॅडम काही दुष्ट नव्हत्या, त्यांनी दुसरीकडे फुली मारली असती. मी बोललो नाही. इतक्या वर्षांनी बाप काठीशिवाय चालतोय, त्याचा आनंद कशाला मोडा, म्हणून गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत आलोय. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला लाज वाटत होती. एका शिकलेल्या बाईसमोर माझा बाप दगडाला कान लावत फिरतोय आणि ती कौतुकाने ऐकतेय, आणि मी भूगोलाचा मास्तर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय ऊन मी म्हणत होतं. मला लवकर घरी जायचं होतं. इतक्या क्षुल्लक कारणाने माणूस गप्प बसतो.

उतरताना तात्या म्हणाले, "बाई हुशार हाय, मास्तर. कान हाय तिला." मला नोकरी लागल्यापासून ते मला मास्तरच म्हणतात.

वैशाखाच्या मध्यावर त्या बाजूचे बार उडाले. तात्यांना कुठून कळलं कोण जाणे, सकाळपासून एकच घोशा, "मला न्ये, मला बगायचंय." मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. समोरच्या बांधावर बाभळीखाली आम्ही दोघं उभे राहिलो. लाल झेंडे लागले, भोंगा झाला, चरणारी चार गुरं कुणीतरी हाकलली. मग जमीन हलली, तो काळा दगड क्षणभर जागेवरून उचलल्यासारखा झाला आणि सगळीकडे धुरळा. तात्या डोळ्यांवर हात धरून नुसते बघत होते. धुरळा बसल्यावर म्हणाले, "जवळ जाऊ." मी म्हणालो, नको. ते चालायलाच लागले. राखणीवरचा माणूस ओळखीचा निघाला, म्हाताऱ्याला पाच मिनिटं आत सोडलं. मी बांधावरून हललो नाही. लांबून दिसत होतं, तात्या त्या ढिगात वाकतायत, एक तुकडा उचलतायत, ठेवतायत, दुसरा उचलतायत. बराच वेळ ते तसेच फिरत राहिले.

त्यानंतर त्यांनी सुतकी हातात धरली नाही. दगडाचं नाव काढलं नाही. काठी परत आली, मग कान गेले, मग आई गेली. ओसरी ते चूल आणि चूल ते ओसरी एवढंच त्यांचं चालणं राहिलं. मी मनाशी पक्कं धरून बसलो की बापाला मीच असं केलं. तो बिचारा भोळेपणाने दाखवायला गेला, त्यांना त्याचं काहीतरी मोठं घडवायचं असेल या आशेने, आणि मला माहीत असून मी त्याला फसू दिलं. रस्ता झाल्यावर पहिल्यांदा त्यावरून गाडी घातली तेव्हा पिंपरीपासून ओतूरपर्यंत मला घाम फुटलेला होता. मुलगा शेजारी बसला होता, म्हणाला, "बाबा, काय मस्त झालाय ना रोड!" मी हो म्हणालो.

परवा दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. बायको बेल्ह्याला लग्नाला गेली होती. तात्यांचं जेवण झालं, मी त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. पण गंमत बघा, ज्याला ऐकू येत नाही त्याला पाप हळू आवाजात सांगायचीसुद्धा सोय नसते. मी म्हणालो, "तात्या, त्या मॅडम आल्या होत्या ना, तेव्हा मला माहीत होतं."

"काय?"

"मला माहीत होतं! ते लोक त्याची खडी करणार ते! मी तुम्हाला बोललो नाही!" समोरच्या घरातल्या वहिनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या. म्हटलं, ऐकू दे गावाला.

तात्यांनी ओले हात टॉवेलला पुसले. मग म्हणाले, "मंग? मला म्हाईत न्हवतं व्हय? क्रशरवाली बाई ती. क्रशरवालं काय दगडाचा द्येव घडिवत्यात?"

"मग दाखवला कशाला?"

"तिनं इचारलं."

एवढंच. जसं काही भूक लागली म्हणून जेवलो. मी तसाच तांब्या धरून बसलो होतो. तात्यांनी पुडीतून चिमूटभर तंबाखू काढली.

"माज्या बापानं मला वर न्येऊन बशिवलं, तवा मी त्येला इचारलं व्हतं, खाली किती गेलाय म्हनून. तवा त्यानं सांगितलं. न इचारता सांगायचं नसतंय त्ये. तुला न्येला व्हता की लग्नाच्या दुसऱ्या दिशी. लई येळ बसलो आपुन दोघं."

आणि तेव्हा कुठे मला ती दुपार आठवली. खरं सांगतो, मी ती पार विसरलो होतो. हातावर हळद होती, पायात नवी चप्पल चावत होती. तात्या त्या दगडावर बसले होते आणि एकदा माझ्याकडे, एकदा दगडाकडे बघत होते. मी घड्याळ बघत होतो. घरी पावणे जेवायचे थांबले होते. "तात्या, चला, पंगत खोळंबलीय," असं मीच म्हणालो होतो, आणि ते "व्हय, व्हय" करत उठले होते. मी विचारेन म्हणून ते वाट बघत होते हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढे इतकी वर्षं एका घरात राहूनही कळलं नाही.

तात्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी इतकी वर्षं भलत्याच गोष्टीबद्दल स्वतःला शिव्या देत बसलो होतो. खरी जी होती ती माझ्या लक्षातसुद्धा नव्हती. आता कसली माफी मागायची आणि कशाची? काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून, की खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून, मला नक्की सांगता येणार नाही, पण मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने विचारलं, "तात्या, तो आतून कसा होता?"

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात समोर धरले, तळवे उघडे, अजून त्यात तो तुकडा असल्यासारखे.

"येकसारखा," ते म्हणाले. "आक्का येकसारखा. येक शीर न्हाई, येक गार न्हाई. माज्या बापानंबी बगितला न्हवता रं त्यो आतनं. कुनीच बगितला न्हवता." आणि तसेच हात पुढे धरून ते रडायला लागले.